ज्ञात अंत आणि पूर्वकथेचे स्वातंत्र्य

पूर्वकथा हा कथनप्रकार मुळातच एका विसंगतीवर उभा असतो. तिची निर्मिती नंतरची असते, तिच्यातील काळ मात्र आधीचा असतो. उत्तरकथेचा कर्ता मूळ कथा जेथे थांबली तेथून मोकळ्या प्रदेशात चालू लागतो. पूर्वकथेच्या कर्त्याला आपली वाट कोठे जाऊन मिळणार हे प्रारंभीच ठाऊक असते, आणि ते वाचकालाही वा प्रेक्षकालाही ठाऊक असते. झेरार जनेत यांनी ‘पालँप्सेस्त’ (१९८२) या ग्रंथात एखाद्या कृतीला मागाहून जोडल्या जाणाऱ्या पुरवण्यांचे वर्गीकरण करताना पुढे जाणाऱ्या पुरवणीबरोबरच मागे जाणाऱ्या पुरवणीचीही स्वतंत्र नोंद केली आहे. तथापि या दुसऱ्या प्रकारासंबंधीचा खरा प्रश्न वर्गीकरणाचा नाही, तो स्वातंत्र्याचा आहे. अंत ज्ञात असणे हे कथनाचे बंधन मानावयाचे की त्याची सामग्री? ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ या अमेरिकन विज्ञानकथात्म मालिकेने आपला कथाकाळ मध्येच बदलला तेव्हा तिच्या चाहत्यांमध्ये जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. वादी-प्रतिवाद्यांनी तो क्वचितच या शब्दांत मांडला.

प्रथम वस्तुस्थिती लक्षात घ्यावयास हवी. जीन रॉडेनबेरी यांची मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. तिच्यातील घटना तेविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडतात. पुढील अर्धशतकात तिच्याभोवती अनेक मालिका आणि चित्रपट रचले गेले आणि एका कल्पित इतिहासाची प्रचंड संहिता तयार झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेली ‘डिस्कव्हरी’ या इतिहासात मूळ मालिकेच्या सुमारे दहा वर्षे आधी, म्हणजे २२५६ या वर्षी, उघडते. तिची नायिका मायकेल बर्नम ही मूळ मालिकेतील स्पॉक या सुप्रसिद्ध पात्राची मानलेली बहीण आहे. एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस हे यान आणि त्यावरील मंडळी सुमारे ९३० वर्षे पुढे, बत्तिसाव्या शतकात, निघून जातात. ऑक्टोबर २०२० पासूनचे तिसरे पर्व आणि २०२४ मधील समाप्तीपर्यंतची पुढील कथा तेथेच घडते. पूर्वकथा म्हणून आरंभ झालेली कृती अशा रीतीने संपूर्ण परंपरेतील सर्वांत उत्तरकालीन कथांपैकी एक झाली.

या स्थित्यंतराविषयी चाहत्यांमध्ये स्थूलमानाने तीन भूमिका दिसून आल्या. पहिली भूमिका प्रामाण्याची. तिच्या मते ही मालिका तेविसाव्या शतकात कधीच सामावली नव्हती. स्पॉकने या बहिणीचा उच्चार कधी का केला नाही? कवकजालाच्या आधारे क्षणार्धात कोठेही पोहोचणारे यान २२५६ मध्ये अस्तित्वात होते, तर ‘व्हॉएजर’ (१९९५-२००१) या मालिकेतील यानापुढे शंभराहून अधिक वर्षांनंतरही पंचाहत्तर वर्षांचा परतीचा प्रवास का उभा राहावा? या भूमिकेला कालझेप म्हणजे उशिरा झालेली दुरुस्ती वाटली. दुसरी भूमिका मुक्ततेची. विज्ञानकथेचे कार्य अपरिचिताला सामोरे जाणे हे आहे, ज्ञात इतिहासाच्या फटी बुजविणे हे नव्हे. म्हणून हा बदल तिला स्वागतार्ह वाटला. तिसरी भूमिका वचनभंगाची. जो काळ दाखविण्याचे आश्वासन देऊन मालिका सुरू झाली तो अर्ध्यावर सोडणे म्हणजे स्वतःच मांडलेल्या प्रश्नांपासून पळणे होय, असे या पक्षाचे म्हणणे होते.

या वादाला केवळ हौशी मंडळींची तपशीलनिष्ठा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे हा चाहतावर्ग संहितेचा निष्क्रिय ग्राहक कधीच नव्हता. तो तिचा अर्थ लावणारा आणि तिच्यावर हक्क सांगणारा समुदाय आहे. या समुदायाच्या दृष्टीने प्रमाणसंहिता हा करार असतो. अर्थात प्रामाण्याचे सर्वच आक्षेप सारख्या वजनाचे नव्हते. स्पॉकचा पिता सारेक मूळ मालिकेत १९६७ पर्यंत दिसला नव्हता आणि त्याच्या सावत्र भावाचा शोध तर प्रेक्षकांना १९८९ च्या चित्रपटात लागला. आपल्या आप्तांविषयी न बोलणे हा या पात्राचा जुना स्वभाव आहे. भाऊ चालला, पण बहीण खटकली, याची कारणे सर्वस्वी संहितेच्या आत शोधता येतील असे नाही.

उलट मुक्ततेच्या पक्षाचा युक्तिवादही तपासून घ्यावयास हवा. डार्को सुविन यांनी विज्ञानकथेचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून ‘नोव्हम’ची, म्हणजे ज्ञानाच्या कसोटीवर टिकणाऱ्या नवतेची, संकल्पना मांडली. तिच्या प्रकाशात पाहिले असता विज्ञानकथात्म पूर्वकथेची अडचण खरी आहे. १९६६ मध्ये कल्पिलेले भविष्य २०१७ मध्ये जुने दिसते. कथेचा काळ मागे न्यावयाचा आणि निर्मितीचे तंत्र मात्र पुढचे, यातून दृश्य पातळीवरच विसंवाद निर्माण होतो. परंतु या अडचणीतून ज्ञात अंत निरुपयोगी आहे हा निष्कर्ष निघत नाही. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक नेहमी ज्ञात अंताच्या सावलीतच वाचत असतो. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले हे सांगावे लागत नाही. तरीही ‘पुढे काय’ या कुतूहलाची जागा ‘हे असे कसे झाले’ ही अधिक गंभीर जिज्ञासा घेते.

येथे गॅरी सॉल मॉर्सन यांचे ‘नॅरेटिव्ह अँड फ्रीडम’ (१९९४) या ग्रंथातील विवेचन उपयुक्त ठरते. भूतकाळाला केवळ पुढे घडलेल्या गोष्टीची पूर्वतयारी मानणे, ही त्यांच्या आणि मायकेल आंद्रे बर्नस्टाइन यांच्या मते कथनाची मोठी चूक आहे. तिला पश्चछाया म्हणता येईल. तिच्यावरील उपाय म्हणून ते पार्श्वछायेची कल्पना मांडतात : जे घडले त्याच्या शेजारीच जे घडू शकले असते, त्याची जाणीव कथनात जागी ठेवणे. याचा अर्थ असा की, स्वातंत्र्य अंत अज्ञात असण्यावर अवलंबून नसते. प्रत्येक क्षणी एकाहून अधिक शक्यता खऱ्या होत्या हे दाखविण्यावर ते अवलंबून असते.

या कसोटीवर दुसऱ्या पर्वातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग नायिकेचा नसून कप्तान ख्रिस्तोफर पाइकचा आहे. १९६६ मध्ये मूळ मालिकेच्या एका दोन-भागी कथेत हाच पाइक अपघाताने विद्रूप व वाचाहीन होऊन चाकांच्या यंत्रखुर्चीला खिळलेला दिसला होता. ‘डिस्कव्हरी’त क्लिंगॉनांच्या एका मठात कालस्फटिकाला स्पर्श करताच त्याला आपले हेच भवितव्य दिसते. स्फटिक उचलला तर ते अटळ होईल. तेथेच ठेवला तर तो मोकळा राहील. तो स्फटिक उचलतो. प्रेक्षकाला जे पन्नासहून अधिक वर्षे ठाऊक होते ते पात्राला या क्षणी कळते, आणि त्या ज्ञानामुळे त्याची कृती अर्थहीन न होता नैतिक होते. येथे पूर्वनियती कथानकाने लादलेली नाही, पात्राने ती पत्करलेली आहे. शिवाय याच स्फटिकाच्या बळावर पुढे यानाला अज्ञात भविष्यात जाण्याचा मार्ग उघडतो. मालिकेच्या मुक्ततेचे मूल्य ज्ञात अंत स्वीकारणाऱ्या पात्राने चुकते केले आहे. पण मालिकेने आपल्याच या प्रसंगाचा अर्थ ओळखला असे दिसत नाही.

कारण यान निघून गेल्यानंतर विसंगतींचे निरसन ती कसे करते? स्पॉकच्या सूचनेवरून ‘डिस्कव्हरी’, तिची मंडळी आणि तिचे तंत्र यांविषयी पुन्हा कोणी बोलू नये, बोलल्यास तो राजद्रोह समजावा, असे ठरते. चाहत्यांच्या सर्व प्रश्नांना एकच उत्तर मिळते : बोलण्यास मनाई होती. या परंपरेतीलच एक जुने उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे फरक ध्यानात येतो. क्लिंगॉनांची मुखाकृती १९६० च्या दशकातील मालिकेत एक आणि १९७९ च्या चित्रपटापासून दुसरी होती. ‘डीप स्पेस नाइन’च्या १९९६ मधील एका भागात याचे कारण विचारले असता क्लिंगॉन अधिकारी, आपण हा विषय परक्यांशी काढत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन विषय मिटवितो. तेथे मौन हा विनोद होता. संहिता आपल्या फटीकडे स्वतःच बोट दाखवून हसत होती. वोल्फगांग ईझर ज्या रिक्त जागांविषयी लिहितात तशी ती जागा वाचकासाठी मोकळी राहिली. २०१९ मध्ये मौन हा कायदा झाला. विनोदाने प्रेक्षकाला सहभागी करून घेतले होते. कायद्याने त्याला गप्प केले.

आता या किमतीत मिळालेले स्वातंत्र्य कसे वापरले गेले हेही पाहावयास हवे. बत्तिसाव्या शतकात पोहोचताच मालिकेला सर्वप्रथम गरज भासते ती भूतकाळाची. एकेकाळी ३५० सदस्यग्रहांचा असलेला महासंघ ३८ ग्रहांपुरता उरला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या एका महास्फोटाने हे घडले. आणि त्याचे कारण शोधणे हेच तिसऱ्या पर्वाचे कथासूत्र होते. म्हणजे अंत ज्ञात, कारण अज्ञात, हा पूर्वकथेचाच आकृतिबंध वेगळ्या वेषात परत येतो. याच पर्वात बर्नम आपल्या भावाचे पुढे काय झाले याचा शोध घेते आणि लिओनार्ड निमॉय यांनी १९९१ मध्ये साकारलेल्या वृद्ध स्पॉकचे जुने दृश्य तिच्यासमोर येते. ज्याने तिच्याविषयी मौनाची सूचना केली त्याचीच आठवण शोधण्यासाठी तिला दप्तर उघडावे लागते. २०१८ मध्येच प्रसारित झालेल्या ‘कॅलिप्सो’ या लघुभागात हे यान जवळजवळ हजार वर्षे निर्जन तरंगताना दाखविले होते. त्या एका वचनाची पूर्तता करण्यासाठी २०२४ च्या अंतिम भागात यानाला पुन्हा प्रतीक्षेवर पाठवावे लागले. परंपरेचे ऋण फेडण्याची मुदत वाढविता येते, ते बुडविता येत नाही.

२०२२ मध्ये सुरू झालेली ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही मालिका तेविसाव्या शतकातच राहिली आणि तिचा नायक झाला पाइक. आपला अंत जाणणारा माणूस रोजचे निर्णय कसे घेतो हा तिचा गाभा आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात तो आपले भवितव्य टाळू पाहतो. तेव्हा तसे केल्यास काय होईल याचे दर्शन त्याला घडविले जाते, आणि १९६६ मधील एका भागाची कथा वेगळ्या, अधिक विनाशक वळणाने त्याच्यासमोर उलगडते. पार्श्वछायेचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा सापडणार नाही. जुन्या भागात टळलेले युद्ध अटळ नव्हते आणि तेथे लाभलेली शांतताही अटळ नव्हती, हे ही पूर्वकथा मागाहून सिद्ध करते. मूळ कृती त्यामुळे लहान होत नाही. तिच्यातील निवडीचे वजन वाढते.

तेव्हा वादातील तिन्ही पक्षांविषयी असे म्हणता येईल : प्रामाण्यवाद्यांनी कराराला तपशिलांची यादी मानले, मुक्ततावाद्यांनी अंत अज्ञात असणे म्हणजेच स्वातंत्र्य असे गृहीत धरले, वचनभंगाची तक्रार करणारे सत्याच्या सर्वांत जवळ होते, परंतु मोडलेले वचन कोणते हे त्यांनी पुरेसे ओळखले नाही. ते वचन एखाद्या शतकात राहण्याचे नव्हते. ज्ञात इतिहास दुसऱ्या रीतीने घडू शकला असता, तरी तो असाच का घडला, हे दाखविण्याचे ते वचन होते. विसंगती मान्य करून तिच्यासह जगणारी संहिता वाचकाला विचार करावयास लावते. विसंगती निषिद्ध ठरविणारी संहिता सुसंगत दिसेल, पण ती सुसंगती स्मृती पुसून मिळविलेली असेल. कल्पित इतिहासासंबंधी समीक्षेने हा भेद सांभाळला पाहिजे, कारण खऱ्या इतिहासाचे लेखनही या दोन मार्गांपैकी एकाची निवड करीतच होत असते.