‘स्मृतिचित्रे’तील जमाखर्च

मराठीत ख्रिस्ती धर्माची शिकवण आणि संसारातले यश ह्यांचा झगडा कुणी खरेपणाने मांडला आहे काय, असे विचारले तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे नाव प्रथम घ्यावे लागेल. पण त्या पुस्तकाविषयी आपण बोलू लागलो की बहुधा बोलतो ते त्यातल्या विनोदाविषयी आणि साध्या, घरगुती भाषेविषयी. दोन्ही गुण खरेच आहेत. मात्र त्या विनोदाच्या आड एक रोकडा प्रश्न उभा आहे. एखाद्याने पैसा, मान आणि स्थैर्य ही देवापायी तुच्छ मानली, तर त्याची किंमत कोण भरतो?

हा प्रश्न मला पडला तो माझ्याच एका कादंबरीमुळे. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपुरते. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला मास्तर सचोटीने वागतो, खासगी शिकवणीचे पैसे नाकारतो, आणि शेवटच्या प्रकरणात मुख्याध्यापक होतो. हस्तलिखित वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, तो हेडमास्तर झाला ते ठीक. पण तोवर घरात तांदूळ कुठून येत होते, ते तुम्ही लिहिलंच नाही.” मी ते हसण्यावारी नेले आणि कादंबरी तशीच छापली. आज तिचा शेवट मला वाचवत नाही.

दोष माझ्या एकट्याचा नाही, एवढेच समाधान. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विधवांच्या दुःखावर तिचा सारा रोख आहे, आणि त्या काळी तो धैर्याचाच होता. पण अखेरीस यमुना ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाहही होतो. श्रद्धेची वाट सुखाच्या दारी जाऊन पोचते. धर्मांतराने काय काय तुटते हे पद्मनजींना ठाऊक नव्हते असे नाही. ते स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले होते. तरीही त्यांच्यातल्या कादंबरीकाराला बक्षीस द्यावेसे वाटले. आम्हां सर्वांनाच ते वाटते. पण शेवटी बक्षीस ठरलेलेच असेल, तर त्या सद्गुणाला सद्गुण म्हणावे की ठेव?

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. येथे बक्षीस नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्तेष्ट परके झाले, पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. भाकरीसाठी बाटला, हा अशा माणसावर ठेवायचा त्या काळचा ठराविक आरोप. पुढे मिशनचा पगार सुरू झाला हे खरे. पण १९१७ साली टिळकांनी तीही नोकरी सोडली आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. म्हणजे एका समाजातली प्रतिष्ठा धर्मापायी गेली आणि दुसऱ्या समाजातले स्थैर्य त्यांनी आपल्या हातांनी सोडले.

एखाद्या चरित्रकाराने येथे हात जोडले असते. लक्ष्मीबाई जोडीत नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वीही टिळक एका जागी टिकत नसत, घर सोडून निघून जात, हाती पैसा आला की तो घरी पोचेलच अशी खात्री नसे; हे सारे त्या मोकळेपणाने सांगतात. त्यामुळे वाचकापुढे पेच पडतो. ही बेफिकिरी ख्रिस्ताने शिकवलेली, की मूळचा स्वभावच तसा? डोंगरावरच्या प्रवचनात उद्याची काळजी देवावर सोपवायला सांगितली आहे. पण नवऱ्याने ती देवावर सोपवली की पडते बायकोच्या पदरात! ह्या पुस्तकातला विनोद येथून येतो. तो रुसलेल्या बाईचा टोमणा नव्हे आणि भाविकाचे कौतुकही नव्हे. रिकामा डबा उघडून पाहिलेल्या माणसाचे ते हसू आहे.

तेवढ्यावरून लक्ष्मीबाई व्यवहाराच्या बाजूच्या होत्या असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. त्या कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. त्यांच्या मनातून जात गळून पडली ती नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली. पुढे त्यांच्या घरी दुष्काळात पोरकी झालेली मुले आली. नगरच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. त्यांना जेवू घालणारे हात लक्ष्मीबाईंचे. टिळक न मोजता देत. त्या मोजून देत. न मोजता देणे त्या मानाने सोपे असते. डब्यात किती आहे हे पाहून, उद्याला उरणार नाही हे जाणून पान वाढणे फार कठीण. माझ्या मते ह्या पुस्तकातला खरा ख्रिस्ती गुण तो आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’देखील पुढे नेले ते ह्याच बाईंनी, त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.

उणीव दाखवायची तर एक दाखविता येईल. टिळकांच्या अंतरात काय चालले होते ते ‘स्मृतिचित्रे’तून फारसे उमगत नाही, त्यासाठी त्यांच्या कवितांकडेच जावे लागते. पण स्वयंपाकघरातून जे दिसते तेवढेच सांगायचे, हा ह्या लेखणीचा प्रामाणिकपणा आहे. ती न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देत नाही. जगाच्या हिशेबात टिळकांचा संसार तोट्याचा. लक्ष्मीबाई तो तोटा लपवीत नाहीत, आणि त्याचा नफा करूनही दाखवीत नाहीत. आम्हां कादंबरीकारांना न जमलेली गोष्ट ती हीच.

सध्या मी नवी कादंबरी लिहितो आहे. तिच्यातही एक मास्तर आहे. तो मुख्याध्यापक होणार नाही. पहिल्याच प्रकरणात तांदळाचा भाव आला आहे. आणि त्याच्या बायकोसाठी नाव शोधतो आहे. मागल्या कादंबरीत तिला नावच नव्हते, हे मला फार उशिरा ध्यानात आले.