जनुकं मोजली, हवा राहिली

नाकाच्या किंवा श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर कुणाची जखम लवकर भरेल, हे जनुकांवरून सांगता येईल, ही कल्पना आकर्षक आहे, पण अपुरी. त्यामागचं जैवरसायन चूक नाही. जखमेत जमलेल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड सोडतात. एक विकर त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि कॅटालेज त्याचं पाणी व ऑक्सिजन. (बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर येतो तो फेस कॅटालेजचाच. वर्गात जरूर दाखवा.) अशा संरक्षक विकरांची जनुकं सर्वांची सारखी नसतात. जीएसटीएम१ तर कित्येकांत मुळीच नसतं.

त्याने काय बिघडतं? मेक्सिको सिटीतल्या दमेकरी मुलांच्या २००४ च्या अभ्यासात, हे जनुक नसलेल्यांच्या फुफ्फुसांवर ओझोनचा परिणाम जास्त दिसला. ओझोन मोजला होता, म्हणून दिसला!

आता आपल्याकडे पाहा. उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनांमुळे शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. बदलापुरात जून २०२१ मध्ये वायुगळती झाली. अंबरनाथचे रासायनिक कारखाने तर वस्तीला लागूनच आहेत. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण परततो तो याच हवेत. तेव्हा रक्ताचा नमुना घेणाऱ्याने घर कारखान्यापासून किती दूर, वारा कुठून येतो, घरात चूल आहे का, विडी कोण ओढतं, हेही त्याच कागदावर लिहून घ्यायला हवं.