कमालाची मूठ आणि आयेशाची बांगडी

चित्रकथेचा चाहता हा वाचकांमधला सर्वांत हट्टी वाचक. कादंबरीवर चित्रपट निघाला की सामान्य वाचक ‘कादंबरी बरी होती’ एवढे म्हणून मोकळा होतो. चित्रकथेच्या वाचकाला एवढ्यावर भागत नाही. त्याने नायकाचे नाक, पोशाखाची शिवण, मुठीचा आकार आधीच डोळ्यांनी पाहिलेला असतो. दिग्दर्शकाने कल्पनेने भरून काढावी अशी जागाच तो शिल्लक ठेवत नाही. म्हणून त्याचे भांडण कडाक्याचे असते, आणि बाहेरच्या माणसाला ते पोरकट वाटते. ‘मिस मार्व्हल’ या मालिकेवरून २०२२ साली जे भांडण झाले तेही अनेकांना असेच पोरकट वाटले. माझ्या मते त्यात आपण मुसलमान वाचकांनी लक्ष घालावे असे बरेच काही होते.

आधी थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाच्या चित्रकथांमध्ये कमाला खान ही मुलगी २०१३ साली प्रथम ओझरती दिसली आणि फेब्रुवारी २०१४ पासून तिचे स्वतंत्र मासिक सुरू झाले. न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे राहणारी, पाकिस्तानातून आलेल्या आईबापांची सोळा वर्षांची लेक. कल्पना सना अमानत आणि स्टीफन वॅकर या संपादकांची, लेखन जी. विलो विल्सन यांचे, चित्रे एड्रियन अल्फोना यांची. विल्सन या स्वतः इस्लाम स्वीकारलेल्या अमेरिकन लेखिका, काही काळ इजिप्तमध्ये राहिलेल्या. या मालेच्या पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. (नावाविषयी एक सूचना. आपल्याकडे काहीजण ते ‘कमला’ असे लिहितात आणि मुलगी एकदम कमळावर जाऊन बसते. ते ‘कमाल’ या शब्दापासून आले आहे. मालिकेच्या शेवटच्या भागात तिचे अब्बू हाच उलगडा करतात, की अरबीत पूर्णत्व आणि उर्दूत अचंबा. मराठीतही आपण ‘कमाल झाली’ म्हणतोच.)

कमाला ही स्वतःच चाहती आहे. कॅप्टन मार्व्हल या नायिकेवर ती जीव टाकते, तिच्यावर गोष्टी रचते. चाहतीला नायिका केल्यामुळे वाचकांनी तिला पटकन आपलेसे केले. जानेवारी २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवर मुसलमानांविरुद्ध जाहिराती लागल्या, तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर कमालाची चित्रे चिकटवून त्या झाकल्या. कागदावरच्या मुलीला असे काम क्वचितच लागते.

त्याआधी मुसलमान पात्रे नव्हती असे नाही. २००२ साली ‘एक्स-मेन’मध्ये सुराया कादिर ऊर्फ ‘डस्ट’ ही मुलगी आली. अफगाणिस्तानची, आपादमस्तक काळ्या वस्त्रात, वाळू होऊन उडणारी. तिच्या तोंडी पहिल्यांदा शब्द घातला तो ‘तुराब’, म्हणजे अरबीतली धूळ. अफगाण मुलगी पश्तो किंवा दारी बोलेल हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. बुरखा दिसला की भाषा अरबी, असा सरळ हिशेब. कुवेतच्या नाइफ अल-मुतवा यांनी २००६ च्या सुमारास ‘द ९९’ ही माला काढली. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांमधील गुणांवर तिचे नायक बेतलेले होते. हेतू नेक होता, पण गुणांना चेहरे दिले की माणसे पुतळ्यांसारखी होतात. त्यात कोणाची अम्मी कोणाला ओरडताना दिसत नाही.

कमालाच्या घरात अम्मी ओरडते. भाऊ आमिर दाढी ठेवून, सफेद कुर्ता घालून इबादतीत असतो आणि बँकेत नोकरी करणाऱ्या बापाला त्याच्या बेकारीची चिंता असते. हे घर मोमिनपुऱ्यातले असू शकते, मिरजेतले असू शकते. पहिल्याच अंकात धुक्यात सापडलेल्या कमालाला कॅप्टन मार्व्हल दिसते ती अमीर खुसरोची वसंतावरची रचना म्हणत. मग तिला शक्ती मिळते आणि ती पहिल्याप्रथम काय होते? तिच्या आवडत्या नायिकेसारखी गोरी, सोनेरी केसांची बाई. ते केस डोळ्यांवर येतात, तो पोशाख अंगाला काचतो. पुढल्या अंकांत तिला उमगत जाते की आपण आपल्याच चेहऱ्याने, बुर्किनी कापून शिवलेल्या पोशाखातही लोकांना वाचवू शकतो.

तिची शक्ती म्हणजे देह ताणण्याची, लहानमोठे होण्याची. मूठ फुगून मोटारीएवढी होते. दिसायला ती बेढब आहे, हसू येईल अशी. ज्या वयात मुलीला आपलेच हातपाय परके वाटतात, आणि ज्या देशात मुसलमान मुलीकडे सगळे रोखून पाहतात, तिथे कधी मुंगीएवढे व्हावे तर कधी इमारतीएवढे, ही इच्छा विल्सन यांनी शब्दशः देहात उतरवली. शक्ती आणि पात्र यांचा इतका एकजीव मेळ या प्रकारच्या साहित्यात फार थोड्यांना साधला आहे.

जून-जुलै २०२२ मध्ये सहा भागांची मालिका आली तेव्हा ही मूठ गेली. तिच्या जागी पणजीची बांगडी आली आणि बांगडीतून जांभळट प्रकाशाचे घट्ट तुकडे निघू लागले. प्रकाशाचा एक मोठा हात मधूनमधून दाखवला, तो जुन्या चाहत्यांची समजूत घालण्यापुरता. निर्मात्यांचे म्हणणे असे की त्यांच्या चित्रपटांच्या मोठ्या कथानकात तिला बसवण्यासाठी हा बदल हवा होता. चाहते चिडले.

इथे दोन प्रकारच्या चिडण्यात फरक केला पाहिजे, कारण त्या दिवसांत दोन्ही एकाच पोत्यात भरले गेले. एक जमाव असा होता ज्याने मालिका येताच चित्रपटांच्या संकेतस्थळावर एकेका ताऱ्याचे शेरे मारले. त्याला मुठीशी देणेघेणे नव्हते. मुसलमान मुलगी नायिका आहे हेच त्याला खुपत होते. दुसरे होते ते अंक तोंडपाठ असलेले वाचक. त्यांची तक्रार खरी होती. ती वांशिक द्वेषाच्या गलबल्यात दबून गेली. निर्मात्यांनाही ते सोयीचेच पडले. बदलावर बोट ठेवणारा प्रत्येकजण पहिल्या जमावातला असल्यासारखे वातावरण तयार झाले आणि मालिकेच्या बाजूने उभे राहणे म्हणजे मुसलमानांच्या बाजूने उभे राहणे असा अर्थ निघू लागला. आपल्यापैकी अनेकांनी त्या भरात मालिकेचे डोळे झाकून कौतुक केले. कौमेचे चित्र पडद्यावर आले की त्याची चिकित्सा करू नये, हा विचार मला पटत नाही.

आता त्या बांगडीकडे पाहू. तिची शक्ती ‘नूर’ नावाच्या दुसऱ्या जगातली. पणजी आयेशा त्या जगातून हद्दपार झालेली, आणि तिच्या जातकुळीला मालिका ‘जिन्न’ म्हणते. मकतबात बसलेल्या कोणत्याही मुलाला विचारा, तो सांगेल की फरिश्ते नूरापासून आणि जिन्न आगीपासून. मालिकेने जिन्नांना नूराच्या देशाचे रहिवासी केले आहे. फरहान अख्तरने वठवलेला वलीद एका वाक्यात सारवासारव करतो, की हे धर्मग्रंथातले जिन्न नव्हेत. थोर हा देव हिमालयात उतरला असता तर त्यालाही लोकांनी जिन्नच म्हटले असते. मग ते नाव घेतलेच कशाला? कारण मुसलमान मुलीच्या गोष्टीत पूर्वेचे काहीतरी गूढ, धूप-लोबानाच्या वासाचे हवे, ही जुनी खोड. मूळ कथेत कमालाला शक्ती मिळते ती धुक्यात सापडलेल्या इतर अमेरिकनांप्रमाणेच, आणि तिचे मुसलमानपण तिच्या घरात, मशिदीत, जेवणाच्या ताटात असते. पडद्यावर ते तिच्या रक्तात आणि दागिन्यात गेले. शेवटच्या भागात ही शक्ती तिच्यातल्या जन्मजात बदलाची आहे असे सूचित करून निर्मात्यांनी बांगडीचे महत्त्वही अर्धे करून टाकले.

पडद्याने दिले तेही सांगितले पाहिजे. कागदावर आवाज नसतो. मोहन कपूर आणि झेनोबिया श्रॉफ यांनी अब्बू-अम्मीच्या भांडणाला जो सूर दिला तो कोणत्याही अंकात सापडणार नाही. कपूर म्हणजे झी टीव्हीवरच्या ‘साप सीढी’चे सूत्रधार, आणि श्रॉफ मुंबईच्या पारशी, तरी जर्सी सिटीतले हे जोडपे अस्सल वाटते. मशिदीतल्या बायकांच्या बाजूची पडझड, त्यावरून नाकियाचे मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवणे, नमाज होईस्तोवर तिची महागडी पादत्राणे चोरीला जाणे! जुम्म्याला चप्पल सांभाळत नमाज पढणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. कमाला आणि कामरान ‘बाजीगर’ आणि ‘दिलवाले’ यांवर गप्पा मारतात तेही असेच. आणि इमान वेल्लानी. कॅनडातली ही मुलगी निवड होण्याआधीपासून या अंकांची भक्त. चित्रपटविश्वाला दिलेला क्रमांक चुकीचा आहे यावर ती मार्व्हलच्या प्रमुखांशी जाहीरपणे वाद घालते. पडद्यावरच्या कमालाच्या डोळ्यांत जी चमक आहे ती तिची स्वतःची आहे.

पण मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते फाळणीविषयी.

चौथा आणि पाचवा भाग शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केला. कराचीच्या या दिग्दर्शिकेला माहितीपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळाले आहे. १९४२ मध्ये आयेशाला गुलाबाची शेती करणारा हसन (फवाद खान) भेटतो, १९४७ मध्ये दोघे चिमुकल्या सनाला घेऊन कराचीच्या शेवटच्या गाडीसाठी निघतात, गर्दीत पोर हरवते. अमेरिकन कंपनीच्या अतिमानवी करमणुकीत फलाटावरची ती ताटातूट दिसावी ही मोठी गोष्ट होती आणि ती दृश्ये मनापासून घेतलेली आहेत. (कराची म्हणून दाखवलेले रस्ते थायलंडचे आहेत, पण ते जाऊ द्या.) अडचण तिथे येते जिथे हरवलेल्या पोरीला बापापर्यंत नेणारी ताऱ्यांची वाट काळ ओलांडून आलेली तिचीच नात घालते. फाळणीत हरवलेली मुले अशी सापडली नाहीत. घराण्यात सांगितली जाणारी आख्यायिका आख्यायिका म्हणून राहू दिली असती, नानीच्या तोंडची, तर ती अधिक खरी वाटली असती.

आणखी एक बदल आहे, ज्यावर फारसे कोणी बोलले नाही. मूळ चित्रकथेतही फाळणी आहे. २०१६ च्या एका अंकात कमालाचे पणजोबा-पणजी १९४७ मध्ये घर सोडून कराचीला निघतात, आणि ते घर आहे मुंबईत. पडद्यावर मुंबई गेली. तिच्या जागी एक खेडे, गुलाबाची शेते आणि आगगाडी आली.

हे का घडले ते समजते. फाळणी म्हटले की जगाला पंजाब आठवतो. पण मुंबईहून कराचीला जाणे ही वेगळी कहाणी होती. सिंध हा १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे १९४७ च्या अवघी अकरा वर्षे आधी कराची आणि मुंबई एकाच प्रांतात होत्या. मेमन, खोजा, कोकणी मुसलमान यांचे व्यापार आणि नातीगोती दोन्ही बंदरांत. मंटो जानेवारी १९४८ मध्ये मुंबईहून कराचीला गेला तो जहाजाने. कराचीत कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. तिच्या आजोळाची गावे रत्नागिरी-रायगडात निघतात. या जाण्यात बहुधा प्रेतांनी भरलेली गाडी नव्हती. एक भाऊ गोदीवरून जहाजात चढला, दुसरा राहिला. वर्षभरात परत येऊ म्हणून कुलूप लावले. मग परवाने आले, पारपत्रे आली, आणि येणेजाणे पत्रांवर, पुढे पत्रांवरूनही घटत गेले. मराठीत फाळणीचे साहित्य कमी, असे आपण नेहमी म्हणतो. इथे एका अमेरिकन चित्रकथेने नकळत आपल्या शहराचे दार किलकिले केले होते आणि पडद्याने ते लावून टाकले. मुठीवरून भांडणाऱ्या चाहत्यांना हे जाणवले नसेल, पण आपल्याला जाणवायला हवे होते.

कागद आणि पडदा यांचे नाते दरवेळी असेच असते असे नाही. मर्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’चा चित्रपट २००७ मध्ये स्वतः (व्हिन्सेंट पारोनो यांच्यासह) दिग्दर्शित केला आणि आपली काळी-पांढरी रेघ बहुतांशी राखली. तरी २०११ मध्ये ट्युनिशियातल्या एका वाहिनीने तो दाखवल्यावर ईश्वराच्या चित्रणावरून दंगा झाला, वाहिनीच्या मालकाला दंड झाला. तीच प्रतिमा पुस्तकात २००० सालापासून छापलेली होती. तिथे निष्ठा राखूनही पडद्याची जबर किंमत मोजावी लागली.

कमालाच्या बाबतीत पुढे उलटेच घडले, म्हणजे कागद पडद्यामागे धावू लागला. २०२३ मध्ये तिला कागदावर मारण्यात आले, तेही स्पायडर-मॅनच्या मासिकात, दुसऱ्याच्या गोष्टीतले दुय्यम पात्र म्हणून. चाहते संतापले. दोन महिन्यांत तिला जिवंत केले गेले, ती पडद्यावर सूचित केल्याप्रमाणे ‘म्यूटंट’ म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला ‘द मार्व्हल्स’ हा चित्रपट मार्व्हलच्या चित्रपटांत सर्वांत कमी गल्ला जमवणारा ठरला. ज्या पडद्यासाठी कागद वाकवला तो पडदाच असा गळाठला.

मात्र तिच्या पुनर्जन्मानंतरचे अंक लिहायला साबिर पिरजादा यांच्या जोडीला बसली इमान वेल्लानी. पडद्यावर जिच्या हातून प्रकाश निघतो तिनेच कागदावर पुन्हा ती बेढब, फुगणारी मूठ लिहिली. मुंबईतल्या त्या घराचा पुढचा भाग मात्र अजून कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.