हजयात्रेतील आरोग्यसुरक्षा : संसर्ग-नियंत्रणाच्या दृष्टिकोनाची चिकित्सा

प्रस्तावना :

हज हे इस्लामच्या पाच मूलाधारांपैकी एक होय. शारीरिक व आर्थिक सामर्थ्य असलेल्या प्रत्येक मुस्लीम स्त्री-पुरुषाने आयुष्यात एकदा तरी हज करावा, अशी धर्माज्ञा आहे. मक्का, मिना, अराफात आणि मुझदलिफा या मर्यादित परिसरात पाच-सहा दिवसांत लाखो यात्रेकरू एकत्र येतात. त्यांच्या आरोग्याची व्यवस्था कोणत्या दृष्टिकोनातून उभी राहिली आणि त्या दृष्टिकोनाच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८६५ च्या हजमध्ये पटकीच्या साथीने सुमारे १५,००० यात्रेकरू मृत्युमुखी पडले आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर ही साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. त्यानंतर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पुढे तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर विलगीकरण केंद्र सुरू झाले व हिंदुस्थानातून जाणाऱ्या जहाजांना तेथे थांबणे भाग पडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवताच १८९७ मध्ये हिंदुस्थानातून हजला जाण्यावर सरकारने बंदी घातली. या उपायांमागील मुख्य प्रेरणा युरोपच्या बंदरांना रोगापासून वाचविण्याची होती. यात्रेकरू हा प्रामुख्याने 'रोगाचा वाहक' मानला गेला. 'रुग्ण' म्हणून त्याचा विचार दुय्यमच राहिला.

लसीकरणाचे यश :

या दृष्टिकोनाचे यश नाकारता येत नाही. १९८७ मध्ये हजच्या काळात 'अ' गटाच्या मेंदूज्वराचा उद्रेक झाला. २००० व २००१ मध्ये डब्ल्यू-१३५ या गटाचे जंतू यात्रेकरूंमार्फत अनेक देशांत पोहोचले व यात्रेकरूंच्या घरच्या माणसांनाही लागण झाली. त्यानंतर चारही गटांपासून संरक्षण देणारी लस २००२ पासून सक्तीची झाली आणि तेवढ्या मोठ्या उद्रेकाची पुनरावृत्ती टळली. कोविडच्या काळात २०२० मध्ये केवळ सौदी अरेबियातील सुमारे एक हजार व्यक्तींनाच हजची परवानगी मिळाली. सीमेवर, प्रमाणपत्राद्वारे रोखता येणारा धोका रोखण्यात ही व्यवस्था समर्थ आहे, असा याचा अर्थ होतो.

प्रमाणपत्रापलीकडील धोके :

मात्र सर्व धोके या स्वरूपाचे नसतात. १९९७ मध्ये मिना येथील आगीत ३४० हून अधिक यात्रेकरू दगावले आणि त्यानंतर तेथे अग्निरोधक तंबू आले. २००६ च्या चेंगराचेंगरीनंतर जमरात पुलाची नव्याने उभारणी झाली. तरीही २०१५ मध्ये मिना येथे पुन्हा भीषण चेंगराचेंगरी झाली. जून २०२४ मध्ये मक्केतील तापमान ५१.८ अंश सेल्सियसवर गेले. त्या वर्षीच्या सुमारे १८ लाख यात्रेकरूंपैकी १,३०१ जणांचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. मृतांपैकी ८३ टक्के व्यक्ती अधिकृत परवान्याविना आलेल्या होत्या व त्यांना निवाऱ्याविना उन्हात दीर्घ अंतर चालावे लागले, असेही सांगण्यात आले.

हे स्पष्टीकरण वस्तुस्थितीला धरून असले, तरी ते अपुरे आहे. वातानुकूलित तंबू, बस व विश्रांतीची जागा या सोयी परवान्याशी जोडलेल्या आहेत. परवाना महाग असल्यामुळे अल्प उत्पन्न गटातील भाविक पर्यटन व्हिसाचा मार्ग पत्करतात. इजिप्तने २०२४ मध्ये १६ प्रवासी कंपन्यांचे परवाने रद्द केले, यावरून या व्यवहाराची व्याप्ती लक्षात येते. नियमभंगाची शिक्षा दंड किंवा हद्दपारी असू शकते. सावली व पाणी नाकारले जाणे ही शिक्षा असू शकत नाही.

भारतीय संदर्भ :

भारतात हज समिती अधिनियम, २००२ नुसार स्थापन झालेल्या, मुख्यालय मुंबईत असलेल्या भारतीय हज समितीमार्फत बहुसंख्य यात्रेकरू जातात. वैद्यकीय तपासणी व लसीकरण येथेच होते आणि भारतीय वैद्यकीय पथके मक्का-मदिनेत सेवा देतात. २०२४ मध्ये जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ९८ भारतीय यात्रेकरूंचे मृत्यू झाले. परराष्ट्र मंत्रालयाने आजारपण, नैसर्गिक कारणे व वार्धक्य ही त्यांची प्रमुख कारणे सांगितली. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हृदयविकार असलेली वृद्ध व्यक्ती पन्नास अंशांच्या उन्हात कोसळली, तर त्या मृत्यूस निव्वळ 'नैसर्गिक' म्हणता येईल काय? नोंदीतून उष्णता वगळली गेली, की तिच्यावरील उपाययोजनाही मागे पडते. ज्येष्ठ अर्जदारांना निवडीत प्राधान्य देणे हे त्यांच्या श्रद्धेचा आदर करणारे धोरण आहे. परंतु त्यासोबत तपासणी औपचारिक न राहता निर्णायक ठरणे आवश्यक आहे.

या संदर्भात 'इस्तिताअत', म्हणजे सामर्थ्याची अट, ही संकल्पना महत्त्वाची ठरते. शरीर कायमचे असमर्थ असल्यास प्रतिनिधीमार्फत 'हज-ए-बदल' करण्याची मुभा अनेक धर्मशास्त्रज्ञांनी मान्य केली आहे. म्हणजेच आरोग्यविषयक सल्ला हा धर्माच्या विरोधात नसून धर्माच्याच चौकटीत देता येतो. डॉक्टर व उलेमा यांनी तो एकत्रितपणे, यात्रेपूर्वी व यात्रेकरूच्या भाषेत दिल्यास तो अधिक स्वीकारार्ह ठरेल.

समारोप :

चांद्र पंचांगामुळे हज दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे पुढील काही वर्षांत तो तीव्र उन्हाळ्यातून बाहेर पडेल आणि सुमारे ३३ वर्षांच्या चक्राने, अधिक तापलेल्या हवामानात, पुन्हा तेथेच येईल. मधला काळ हा तयारीचा काळ मानला पाहिजे. दीडशे वर्षे आरोग्यव्यवस्थेने यात्रेकरूपासून जगाचे रक्षण करण्यावर भर दिला. परवानाधारक असो वा नसो, खुद्द यात्रेकरूचे रक्षण ती किती करते, हाच यापुढे तिच्या मूल्यमापनाचा निकष असावयास हवा.