'बहुपक्षीय' म्हणजे नेमकं काय?

'बहुपक्षीय' हा शब्द आपण वर्तमानपत्रात सतत वाचतो. बहुपक्षीय परिषद, बहुपक्षीय करार, बहुपक्षीय सहकार्य. संयुक्त राष्ट्रांनी तर २०१९ पासून २४ एप्रिल हा दिवसच बहुपक्षीयतेच्या नावे केला आहे. पण अर्थ विचारला, की आपण बोटं मोजू लागतो. दोन देश बसले तर द्विपक्षीय, तिसरा आला की बहुपक्षीय!

हे अगदीच चूक आहे असं नाही. रॉबर्ट कोहेन यांनी १९९० मध्ये व्याख्या केली तीही साधारण अशीच: तीन किंवा अधिक राष्ट्रांनी आपापल्या धोरणांचा मेळ घालणे. जॉन रगी यांना मात्र ती अपुरी वाटली. देश किती हे गौण; सर्वांना सारखे लागू होणारे नियम आहेत का, हा त्यांचा प्रश्न. आम्हाला तो खरा वाटतो. चार बलवानांनी एकत्र येऊन पाचव्याला दटावलं, तर त्याला सहकार्य कसं म्हणायचं?

जागतिक व्यापार संघटनेचंच बघा. तिथल्या अपील मंडळात सात सदस्य असायचे, आणि एक अपील ऐकायला तिघे लागायचे. नेमणुका सर्वसहमतीने. अमेरिकेने ती सहमती अडवून धरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळ ठप्प झालं. तेव्हा संघटनेत १६४ सदस्य होते. म्हणजे मोजणी भरभक्कम, पण अपिलावर निवाडा द्यायला कोणी नाही!

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं 'पक्ष' म्हटलं की न्यायसूत्रांकडे वळतो. तिथे पक्ष आणि प्रतिपक्ष घेऊन, प्रमाणांच्या आधारे जो चालतो तो 'वाद'. स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं, ती 'वितंडा'. मंडळ आपली मर्यादा ओलांडतं, हा अमेरिकेचा आक्षेप. त्यात तथ्य असेलही. तो मांडणं हा वादच झाला. पण निवाडा करणाऱ्यांच्या खुर्च्याच रिकाम्या ठेवल्या, तर वाद चालायचा कुठे?

तेव्हा यापुढे हा शब्द वाचताना देश मोजू नका. दोनच गोष्टी विचारा. नियम सर्वांना एकच आहे का? आणि निकाल विरुद्ध गेल्यावर बलवान तो पाळतो का? उत्तर 'नाही' असेल, तर ती नुसती गर्दी आहे, बरं का. बहुपक्षीयता नव्हे.