डबी कुणाची?

बँकेत वर्षानुवर्षं सह्या ताडून पाहिल्याचा परिणाम असेल, पण सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मी रंग बघत नाही. डबी मालकिणीशी जुळते का, एवढंच बघतो. हसू नका! शनेलची डबी घ्या. काळी कुळकुळीत, वर पाठीला पाठ लावून गुंतलेले दोन पांढरे ‘सी’. बस्स. ही कमी बोलणाऱ्या बाईची डबी. आमच्या सौ.च्या पर्समध्ये ती गुदमरेल.

आपल्या लोकांची नाडी टाटांनी अचूक ओळखली. १९५२ साली त्यांनी लॅक्मे काढली. नाव फ्रेंच ऑपेरातलं, आणि ते लक्ष्मीचंच फ्रेंच रूप! माल इथला, ऐट पॅरिसची. मध्यमवर्गाची सगळी आवड एका नावात मावली.

पण आजीची फणेरपेटी आठवा. आत आरसा, फणी, मेण, कुंकवाचा करंडा. पेटी तिची, कुंकू येई, संपे, पुन्हा येई. आवडीनिवडी सांभाळायला कंपनी लागत नसे. आता डबी कंपनीची आणि तिला शोभायचं आपण. माल संपला की डबी कचऱ्यात, आवड पुन्हा दुकानात.

म्हणून माझा निकष साधा आहे: रिकामी झाल्यावरही जी फेकवत नाही, ती डबी आपली. सौ.कडे बिजागरी सैल झालेली एक गुलाबी डबी आहे. पावडर केव्हाच संपली; आत सेफ्टी पिना आहेत. तिचं खातं अजून चालू आहे. बाकीच्या डब्या नुसत्या मुदत ठेवी!