शोधलेलं मूल पोचतं कुठे?

आज आपण मुलांच्या वाढीबद्दल बोलतोय. वजनकाटा दाखवतो ती वाढ आपण सगळेच बघतो. मान धरणं, बसणं, हाकेला वळून बघणं, दोन शब्द जोडून बोलणं, हीसुद्धा वाढच. ती मागे पडत असेल तर पहिल्या तीन वर्षांत मदत मिळायला हवी, कारण मेंदू तेव्हा फार वेगानं घडत असतो.

सरकारला हे माहीत आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. शंका आली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. हृदयाला छिद्र असेल तर ही रचना कामाची. शस्त्रक्रिया बहुधा एकदा होते. पण बोलणं किंवा चालणं शिकवायला आठवड्यामागून आठवडे जातात. आमचा आक्षेप इथे आहे.

आता वयाचं गणित बघा. २०१८ पासून आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येते. त्यापुढे तिची ठरलेली भेट नाही. मूल अंगणवाडीत रोज बसू लागतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. म्हणजे बोलणं फुटायच्या वयातच नजर विरळ होते! आणि घरात म्हणतात, 'जीभ जड आहे, याचा मामापण उशिरा बोलला.'

देवळाली प्रवराचं उदाहरण घ्या. इथून नगरचं जिल्हा रुग्णालय म्हणजे राहुरीच्याही पुढे, एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस. आई एकदा जाईल, दोनदा जाईल. दर आठवड्याला कशी जाणार? याच पट्ट्यात हंगामात ऊसतोडीची कुटुंबं कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पोराला घेऊन दवाखान्यात गेली की खाडा पडला. पथक गावी येतं तेव्हा हे मूल फडावर, आणि इथं आलं तर त्याचं नाव इथल्या पटावर नाही.

मग 'इतकी मुलं तपासली' या आकड्यानं काय कळतं? आम्हाला विचारायचंय, त्यातली किती मुलं तिसऱ्यांदा थेरपीला आली?

उपाय अवघड नाहीत. आशाताईला १८ आणि २४ महिन्यांच्या दोन भेटी द्या, त्यांचा मोबदला द्या. थेरपिस्टला आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात बसवा. त्यानं आईला घरी करायचे खेळ शिकवावेत, पुढच्या वेळी ते तपासावेत. मुलाचं कार्ड कोपीपर्यंत चालू द्या, गाव कुठलंही असो.

पोराला केंद्रापर्यंत न्यायची सगळी जबाबदारी आपण आईवर टाकली आहे. ती पोचली नाही की आपण लिहितो, 'पालक उदासीन.' हा शेरा आधी पुसू या.